फॅट ट्रान्सफर: ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी

आमच्या थिएटरमध्ये एक छोटा स्टँड असतो. पेशंटच्या पोटातून किंवा मांडीतून काढलेल्या चरबीच्या सिरिंजा त्यात उभ्या करून ठेवायच्या. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे आपोआप तीन थर होतात. तळाशी रक्ताची लाली असलेलं पाणी, मधे पिवळी दाणेदार चरबी आणि वर तेलाचा तवंग. खालचं पाणी सोडून देतात, वरचं तेल टिपून घेतात आणि मधला थर तेवढा वापरतात. वरचं तेल म्हणजे काढताना फुटून मेलेल्या पेशी. मधला थर अजून जिवंत असतो, आणि जिवंत असतो म्हणूनच एका जागची चरबी दुसरीकडे भरायच्या या ऑपरेशनमध्ये गुंतागुंत आहे.

मी थिएटर नर्स. बरीच वर्षं या सिरिंजा हातात धरल्या, आणि ऑपरेशननंतर पेशंटचे फोनही घेतले. फोनवर येणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच मिळायला हवी होती, असं दर वेळी वाटतं. तुम्ही पहिल्यांदाच याचा विचार करत असाल, तर खालच्या क्रमाने जा.

पायरी १: शरीरात काय होणार, ते समजून घ्या

एका जागची चरबी बारीक नळीने ओढून काढायची, स्वच्छ करायची आणि दुसऱ्या जागी थेंबाथेंबाने सोडायची. कल्पना जुनीच आहे. १८९३ साली गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणात बसवली होती. दोन वर्षांनी व्हिन्सेंझ चेर्नी यांनी अंगावरची चरबीची गाठ काढून स्तनातला खड्डा भरायला वापरली. पण अशी चरबी टिकेल याचा भरवसा नसे. १९५० च्या दशकात लिंडन पीअर यांनी मोजून दाखवलं की वर्षभरात तिचं जवळजवळ निम्मं वजन घटतं. पुढे १९७० च्या दशकात लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, आलं, आणि १९९० च्या दशकात सिडनी कोलमन यांनी चरबी हळुवार काढण्याची, स्वच्छ करण्याची आणि थोडी थोडी पसरून सोडण्याची शिस्त घालून दिली. आजचे सर्जन त्याच शिस्तीची कुठली ना कुठली आवृत्ती वापरतात.

थोडी थोडीच का? काढलेल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी पहिले काही दिवस ती आजूबाजूने झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर तग धरते. मग बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात. हे झिरपणं फार आत पोचत नाही, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. त्यामुळे छोटा थेंब सगळीकडून पोसला जातो. लिंबाएवढा गोळा एका जागी सोडला तर त्याची साल जगते आणि गर मरतो. मेलेल्या गराचं तेल होतं, शरीर त्याभोवती भिंत बांधतं आणि सहा महिन्यांनी हाताला टणक गाठ लागते.

म्हणून मी पेशंटना रोपांची गोष्ट सांगते. उपटून लावलेलं रोप आधी मान टाकतं. काही रोपं धरतात, काही जातात. दाटीवाटीने लावली तर जास्त जातात, आणि लावल्यावर कोणी वर बसलं तर विचारायलाच नको. सिगारेट का बंद करायची, बर्फ का लावायचा नाही, कुशीवर का झोपायचं, आरशात पाहून घाई का करायची नाही, या सगळ्याचं उत्तर याच एका गोष्टीत आहे.

किती टिकेल? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत टिकेल असं मनात धरून चाला, त्याहून कमीही टिकू शकते. आधीच पक्का आकडा सांगणाऱ्यापासून जरा जपून.

पायरी २: हे आपल्यासाठी आहे का, ते ठरवा

गाल भरायचे असतील तर तयार फिलर, म्हणजे सुईने टोचायचे भराव, हेही मिळतात. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर आवडला नाही तर हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येतो. चरबी तशी विरघळवता येत नाही. जास्त झाली किंवा गाठ झाली तर पुन्हा सुई, नळी किंवा चाकू. उलट, जी चरबी धरते ती कायमची तुमची. दर वर्षी पुन्हा भरायला नको आणि बाहेरचं काही अंगात नाही. दोन्हींपैकी कशाशी आपलं जमेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

स्तनांचा आकार वाढवायचा असेल तर अपेक्षा बेतात ठेवा. एका वेळच्या चरबीने साधारण अर्धा ते एक कप एवढाच फरक पडतो. त्याहून जास्त हवं असेल तर इम्प्लांटचा विचार करावा लागतो, त्याचे फायदे-तोटे वेगळे. ‘आणखी थोडी घाला ना’ म्हणून चालत नाही. त्वचेची पिशवी तेवढीच असते. ती ताणून भरली की आतला दाब वाढतो, रक्त फिरत नाही आणि जास्तीच्या चरबीबरोबर आधीची चांगली चरबीही मरते.

सैल पडलेली, ओघळलेली त्वचा चरबीने वर उचलली जात नाही. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त पाहिलाय. चरबी खड्डा भरते, लोंबणारं ओढून घेत नाही. त्यासाठी लिफ्टचं वेगळं ऑपरेशन लागतं.

फार सडपातळ असाल तर काढायला पुरेशी चरबीच नसते. त्यासाठी मुद्दाम वजन वाढवून येणारे लोक असतात. ती कल्पना वाईट. वाढवलेलं वजन पुढे उतरलं की भरलेला भागही उतरतो.

वजनाचं गणित इथे नीट समजून घ्या. पोटाची चरबी गालात गेली तरी पोटाचा स्वभाव विसरत नाही. तुमचं वजन वाढलं की ती फुगते, घटलं की आक्रसते. आमच्याकडच्या एका पेशंटचं वजन गाल भरून घेतल्यावर दोन वर्षांत चांगलंच वाढलं, आणि चेहरा इतका गरगरीत झाला की चरबी काढून घ्यायला ती परत आली. वजन निदान सहा महिने एका जागी स्थिर असावं, मगच तारीख घ्या. वजन उतरवायचं मनात असेल तर आधी उतरवा. गरोदरपणाचा विचार असेल, तर स्तन किंवा पोटाचं काम त्यानंतरच.

ताब्यात नसलेला मधुमेह, रक्त गोठण्याचे विकार, अंगात कुठेही चालू असलेला संसर्ग, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, चालू असलेले कॅन्सरचे उपचार, यांपैकी काही असेल तर आता थांबायचं.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. लोकांना दिसतही नाही असा चेहऱ्यातला दोष तुम्हाला दिवसाचे कित्येक तास छळत असेल, आधीच्या दोन-तीन ट्रीटमेंटनंतरही समाधान झालेलं नसेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा आजार खरा आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ऑपरेशनने तो सहसा बरा होत नाही. चांगला सर्जन अशा वेळी स्वतःच नाही म्हणतो.

पायरी ३: कुठे भरणार, त्यावर धोका ठरतो

सगळीकडे येणारे त्रास आधी सांगते: सूज, काळं-निळं होणं, जिथून चरबी काढली तिथे काही आठवडे बधिरपणा, वरखाली पृष्ठभाग, दोन बाजूंत फरक, संसर्ग, पायात रक्ताची गुठळी. बहुतेक गोष्टी आपोआप निवळतात किंवा वेळीच उपचार मिळाले तर आवरतात. पुढचे धोके मात्र जागेप्रमाणे बदलतात.

चेहऱ्यावर चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर दाबामुळे ती उलट दिशेने सरकून डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊ शकते आणि दृष्टी जाऊ शकते. असं फार क्वचित होतं, पण झालं तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. चेहऱ्यावरच्या इंजेक्शनांनंतर दृष्टी गेलेल्या ९८ जणांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या जणांना स्वतःचीच चरबी टोचलेली होती. ‘आपलीच चरबी आहे, तिने काय होणार’ हे वाक्य ऐकलं की मला हा आकडा आठवतो. भुवयांच्या मधली जागा, कपाळ आणि नाक इथे जास्त काळजी घ्यावी लागते. टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची कॅन्युला (बारीक नळी), कमी दाब आणि एका वेळी अगदी थोडी चरबी, या तिन्ही गोष्टी पाळणार का, हे सरळ विचारा.

स्तनांत मुख्य अडचण तपासणीची. न धरलेल्या चरबीच्या गाठी होतात, तेलाच्या पुटकुळ्या होतात, कॅल्शियमचे कण साठतात. कॅन्सरच्या तपासणीत हे गोंधळात टाकू शकेल म्हणून अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये याला विरोध केला होता. पुढे पुरावा जमला तसा २००९ मध्ये तो मागे घेतला, कारण अनुभवी रेडिओलॉजिस्टला हे कण बहुतेक वेळा ओळखू येतात. तरीही ऑपरेशनच्या आधी वयाप्रमाणे मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी करून घ्या आणि ते फोटो जपून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

आता नितंब. इथे जरा थांबते, कारण सौंदर्याच्या ऑपरेशनांत सगळ्यात जास्त मृत्यू ज्यांच्यामुळे चर्चेत आले त्यांतलं हे एक आहे.

नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली रुंद पण पातळ भिंतींच्या शिरा असतात. चरबी स्नायूत टोचली की आतला दाब वाढतो, नळीच्या टोकाने शिरेला भोक पडलेलं असेल तर चरबी तिथून आत शोषली जाते. तिथून हृदयात आणि हृदयातून फुप्फुसात जायला काही क्षण लागतात. माणूस टेबलावरच जाऊ शकतो किंवा काही तासांत. २०१७ मध्ये सर्जनांकडून माहिती गोळा करून एक पाहणी झाली. तिच्यात साधारण दर ३,००० ऑपरेशनांमागे एक मृत्यू असा अंदाज निघाला. मृतांच्या शवविच्छेदनात चरबी स्नायूत सापडली. त्यावरून २०१८ मध्ये अनेक संघटनांनी मिळून नियम सांगितला: चरबी फक्त त्वचेखालच्या थरात टाकायची, स्नायूत कधीच नाही. ब्रिटनमधल्या सौंदर्य सर्जनांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या सभासदांना हे ऑपरेशन थांबवायलाच सांगितलं. २०२२ मध्ये परत मुभा दिली ती सोनोग्राफी लावून, वरच्या थरातच भरायच्या अटीवर. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०१९ मध्ये स्नायूत टोचायला बंदी केली आणि २०२२ मध्ये सोनोग्राफी बंधनकारक करून एका सर्जनला दिवसाला तीनच ऑपरेशनं अशी मर्यादा घातली. २०१७ नंतरच्या पुढच्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण सुमारे १५,००० मागे एक इतकं खाली आलं.

यातून विचारायचे प्रश्न आपोआप निघतात. भरताना सोनोग्राफीचा प्रोब सतत लावलेला असेल का आणि नळीचं टोक स्क्रीनवर दिसत राहील का? नळी जाड आणि न वाकणारी आहे का? त्या दिवशी माझ्या आधी याच सर्जनची किती ऑपरेशनं आहेत? दिवसभरातलं पाचवं-सहावं ऑपरेशन करणाऱ्याचा हात दमलेला असतो. मी थिएटरमध्ये उभी असते, मला तो दिसतो.

पायरी ४: सर्जन आणि जागा निवडा

आपल्या देशातल्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव शोधा, आणि नावापुढची पदवी प्लास्टिक सर्जरीची आहे का ते बघा. ‘कॉस्मेटिक’, ‘एस्थेटिक’ हे शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतो. मोठं ऑपरेशन असेल तर पात्र भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, आणि काही बिनसलं तर कोणत्या मोठ्या रुग्णालयात नेणार, ते विचारा. उत्तर लगेच आणि नावासकट यायला हवं.

पहिल्या भेटीत सर्जन स्वतः भेटत नसेल, फक्त काउन्सेलर भेटून पॅकेज सांगत असेल, तर उठून या. मी याच क्षेत्रात काम करते तरी सांगते. सर्जनने तुम्हाला उभं करून, चिमटीत धरून, दोन्ही बाजू तपासून सांगायला हवं की कुठून किती निघेल आणि कुठे किती बसेल. तुमच्यासारख्याच बांध्याच्या पेशंटचे फोटो मागा, आणि ते निदान सहा महिन्यांनंतरचे असावेत. दुसऱ्या आठवड्यातला फोटो सगळ्यांचाच सुंदर येतो. त्यात निम्मी सूज असते.

‘स्टेम सेल’ (मूळ पेशी, ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात) हा शब्द ऐकला की कान टवकारा. चरबीत अशा पेशी असतात हे खरं आहे. पण त्या जादा घालून त्वचा वीस वर्षांनी तरुण होते वगैरे दावे विकण्यासाठी असतात. ‘नॅनोफॅट’ मात्र वेगळी गोष्ट आहे: चरबी इतकी बारीक करतात की तिच्यातल्या चरबीच्या पेशी उरत नाहीत, म्हणून तिने भराव होत नाही. ती त्वचेचा पोत सुधारण्यासाठी वापरतात. गाल भरायचे म्हणून गेलात आणि नॅनोफॅट घेऊन आलात, असं होऊ देऊ नका.

खर्च विचारताना सगळं लेखी घ्या: भूल, पट्टे, तपासण्या, आणि दुसऱ्यांदा भरावं लागलं तर त्याचे पैसे. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

संमतीपत्र घरी न्या. आदल्या रात्री वाचून, न कळलेल्या ओळींखाली रेघ मारून परत आणा. टेबलाशेजारी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या केलेली सही कायद्याने सही असेल, पण तुम्हाला काही कळलेलं नसतं.

पायरी ५: महिनाभर आधीपासून तयारी

सिगारेट, विडी, तंबाखू, व्हेप, निकोटीनचे च्युइंगगम, सगळं निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या चरबीला जगवणार आहेत त्या याच रक्तवाहिन्या. चोरून ओढलीत तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन पुढे ढकलणं परवडतं.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, गिंको आणि इतर काढे-चूर्णं रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणून ती बहुधा आधी थांबवतात. पण हृदयासाठी किंवा गुठळीसाठी कुणी रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी दिलं त्यांना आणि सर्जनला एकमेकांशी बोलू द्या. वजन उतरवण्याची इंजेक्शनं चालू असतील तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जायचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि आधी कधी झालेली गुठळी याबद्दलही बोला.

तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची तपासणी, आणि वयाप्रमाणे ईसीजी येतो. घरी कोण थांबणार, मुलं कोण बघणार, कामावरून किती दिवस सुट्टी, हे आधीच ठरवा. चेहऱ्यासाठी लोकांत जायला दोन-तीन आठवडे धरा.

पायरी ६: त्या दिवशी

घन अन्न सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, हा नेहमीचा नियम. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. नखांचं पॉलिश, दागिने, कॉन्टॅक्ट लेन्स काढून या. कपडे पुढून उघडणारे, सैल आणि गडद रंगाचे.

सर्जन तुम्हाला उभं करून मार्करने खुणा करेल. हा कार्यक्रम भूल देण्याआधीच होतो, कारण आडवं झाल्यावर सगळं शरीर सपाट दिसतं. लाजू नका, आरसा मागा. ‘इथे जास्त, इथे कमी’ सांगायची हीच शेवटची संधी.

चरबी काढण्याआधी त्या भागात पाणी, बधिर करायचं लिडोकेन आणि रक्तस्राव कमी करायचं ॲड्रेनलिन असं मिश्रण भरतात. लिडोकेनला वजनाच्या हिशोबाने मर्यादा असते, आणि एका वेळी काढायच्या चरबीलाही. एकूण पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर ते मोठं ऑपरेशन समजतात आणि रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात. संध्याकाळी घरी सोडतो असं तेव्हा कुणी म्हणत असेल तर नको म्हणा.

पायरी ७: घरी आल्यावर

पहिल्या रात्रीची तयारी सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. जिथून चरबी काढली तिथल्या छोट्या भोकांतून गुलाबी पाणी वाहतं. गादी भिजते, पेशंट घाबरतो, मध्यरात्री फोन येतो. ते बहुतांश भरलेलंच पाणी असतं. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुने टॉवेल अंथरून ठेवा. लालभडक, घट्ट रक्त सतत येत असेल तर मात्र फोन करायचाच.

दाब देणारा पट्टा चरबी काढलेल्या भागावर घट्ट असतो आणि साधारण चार ते सहा आठवडे घालायचा. भरलेल्या भागावर घट्ट काही नको. पहिल्यांदा पट्टा काढताना चक्कर येते, कारण दाब सुटला की रक्त एकदम पायांकडे जातं. आमच्या एक आजी न्हाणीघरात उभ्या उभ्या पट्टा काढायला गेल्या आणि कोसळल्या. नशिबाने सून दारातच होती. बिछान्यावर बसून काढा, अंघोळ स्टुलावर बसून, आणि कुणीतरी जवळ हवं.

नितंब भरले असतील तर निदान दोन आठवडे त्यांच्यावर थेट बसायचं नाही. पालथं किंवा कुशीवर झोपा. बसायची वेळ आलीच तर मांड्यांखाली कडक उशी घेऊन पुढे झुकून, म्हणजे नितंब हवेत राहतील. चेहरा भरला असेल तर डोकं उंच ठेवून उताणं झोपा, मालीश नको. स्तन भरले असतील तर पालथं झोपू नका आणि तार असलेली ब्रा घालू नका. भरलेल्या जागी बर्फही नको, आधीच रक्त कमी असतं तिथे.

पहिल्या संध्याकाळपासून घरातल्या घरात चालायचं. दर तासाला पाच मिनिटं. कंटाळा येतो, दुखतं, पण पायात गुठळी होऊ नये म्हणून एवढं करायचं. जड व्यायाम चार ते सहा आठवड्यांनी. लांबचा विमानप्रवास सर्जनने हो म्हटल्यावरच. परगावी ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट काढणाऱ्यांना मी हात जोडते.

पायरी ८: कधी लगेच धावायचं

धाप लागणं, छातीत दुखणं, एकदम गोंधळल्यासारखं होणं, ओठ निळे पडणं: फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि तिथे ‘चरबी भरण्याचं ऑपरेशन झालंय’ हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. एका पोटरीत दुखणं आणि सूज, नजरेत अचानक फरक, चेहऱ्याची त्वचा पांढरी-जांभळी पडून असह्य दुखणं, यासाठीही तेच.

ताप, वाढत जाणारी लाली, गरमपणा, दुर्गंधीचा स्राव असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. काही संसर्ग उशिरा डोकं वर काढतात. महिन्या-दोन महिन्यांनी न दुखणाऱ्या लाल गाठी आल्या आणि साध्या अँटिबायोटिकने बसल्या नाहीत, तर त्यातला पू क्षयासारख्या जंतूंसाठी तपासायला सांगा. नीट निर्जंतुक न केलेल्या अवजारांतून असे जंतू येतात.

पायरी ९: आरशाशी जुळवून घेणं

पहिले दोन आठवडे सगळं हवं त्यापेक्षा जास्त दिसतं. मग उतरायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास एक फोन येतो.

‘सिस्टर, गाल वितळले हो माझे. सगळे पैसे पाण्यात.’

‘ताई, वितळली ती सूज. चरबीचा हिशोब आत्ता नाही लागायचा.’

‘मग कधी?’

‘तीन महिन्यांनी. तोवर दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवा, आणि मधे बघू नका.’

तीन महिन्यांनी आकार बराचसा ठरतो, सहा महिन्यांनी तो पक्का धरायचा. चरबी काढलेल्या जागेचा टणकपणाही तोवर मऊ पडतो. कमी पडलं असेल तर पुन्हा भरता येतं, पण सहा महिने जाऊ द्या. दुसऱ्यांदा भरावं लागणं म्हणजे पहिल्यांदा चूक झाली असं नाही. भरलेल्या स्तनात नवीन गाठ लागली तर मात्र ‘ती चरबीचीच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. आधी तपासून घ्या.

डिस्चार्जच्या कागदांत ऑपरेशनची नोंद मागून घ्या. तारीख, कुठून काढली, कुठे भरली, प्रत्येक बाजूला किती मिलिलिटर, सोनोग्राफी लावली होती का. ती द्यायला का-कू केली तरी सोडू नका. एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा, एक जुन्या मॅमोग्राफीच्या पाकिटात घाला. पुढे कधी मॅमोग्राफीला गेलात की रेडिओलॉजिस्टसमोर पाकीट ठेवताना हा कागद सगळ्यात वर ठेवा.